अंथुर्ण्याच्या फाट्यावर अडणारी गाडी

स्वारगेटला बारामतीची एसटी लागली तेव्हा माझ्या एका खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि हातात पितळी कडीची काळी पेटी. गर्दीतून वाट काढत मी वर चढले आणि पेटी वरच्या फळीवर ठेवायला लागले, तर कंडक्टर म्हणाले, "बाई, पेटी मांडीवर घ्या. वर आपटून सूर बिघडत्यात."

त्यांना ती हार्मोनियम वाटली होती. मीही खुलासा केला नाही. पेटीत गाडीच्या आतल्या संगणकांच्या तक्रारी वाचणारं एक यंत्र होतं, एक मीटर होता आणि तारांचे चिमटे होते. हे सगळं सासवड येईपर्यंत समजावत बसण्यापेक्षा कीर्तनाला निघालेली बाई होणं सोपं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात परदेशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होते आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली तिथे मी एकटीच. त्यामुळे कार्ब्युरेटर आणि क्लच सोडून जे काही उरेल ते माझ्या टेबलावर येई. बारामतीच्या एका धर्मादाय संस्थेची गाडी अशीच आली होती. परदेशातून देणगी म्हणून मिळालेली लांब पांढरी व्हॅन. गावोगावी जाऊन डोळे तपासायचे आणि मोतीबिंदूच्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी बारामतीला आणायचं, एवढ्यासाठी ती होती. मात्र मध्येच तिच्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागत, गिअर एकाच जागी अडकून बसे आणि गाडी बैलगाडीच्या चालीने सरपटू लागे. आम्ही ती पुण्याला आणून चालवून पाहिली, गिअरची संगणक-पेटी बदलून पाहिली. पुण्यात ती एकदाही बिघडली नाही. बारामतीला परत गेली आणि पुन्हा बिघडली. शेवटी मालक म्हणाले, "आता तूच तिकडे जा. जिथे बिघडते तिथे बघ."

दिवेघाट चढून गेलो, सासवड, जेजुरी, मोरगाव मागे पडलं. थंडीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना कोरडी माळरानं, मध्ये मध्ये ज्वारीचे तुकडे, बाभळीखाली बसलेली मेंढरं. बारामती जवळ आली तसा कालवा दिसला आणि जमिनीचा रंगच पालटला. ऊस, ऊस आणि ऊस. रस्त्याला ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती, आणि आमची एसटी त्यांच्या मागून सावकाश चालली होती. खिडकीतून रसाचा आंबूस गोड वास येत होता. उतरताना कंडक्टर म्हणाले, "कीर्तन चांगलं होऊ द्या."

स्टँडवरून मी रिक्षा केली. संस्थेचा दवाखाना एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. फाटकाशी गाडीचे ड्रायव्हर सोपानराव उभे होते. चाळिशीचा उंच, सावळा माणूस, डोक्याला मफलर. माझ्यामागे आणखी कोणी उतरतंय का, ते त्यांनी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं.

"तुमीच व्हय इंजिनेर?" ते म्हणाले.

"मीच."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली. त्या 'बरं झालं'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

डॉक्टर पन्नाशीचे होते, थकलेले वाटत होते. ते सरळ मुद्द्यावर आले. "नरसिंहपूरच्या बाजूच्या लोकांना आणायला दुसरं साधन नाही. गाडी वाटेत अडकली की म्हातारी माणसं उन्हात रस्त्याकडेला बसतात. आता तर ती गाडीत बसायलाच तयार नाहीत. हे असंच चाललं तर शिबिर बंद करावं लागेल."

दुपारभर मी गाडीखाली आणि गाडीत होते. तिच्या पोटात तीन संगणक होते. एक इंजिनाचा, एक गिअरचा आणि एक ब्रेकचा. पहिले दोन पुढे, तिसरा पार मागे, चाकाच्या वर. या तिघांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं. वेग किती, ताकद किती, चाक घसरतंय का. हे सगळं बोलणं एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून चालतं. बोलणं तुटलं की गिअरचा संगणक घाबरतो आणि एकच गिअर धरून बसतो. माझ्या यंत्रावर तक्रार हीच दिसत होती. इंजिन म्हणत होतं, गिअरकडून निरोप आला नाही. गिअर म्हणत होता, इंजिनाकडून आला नाही. ब्रेक दोघांवर रुसला होता. तिघांचीही एकाच वेळी तक्रार असेल तर दोष बहुधा पेट्यांमध्ये नसतो, मधल्या तारांमध्ये असतो.

या तारा तपासायची सोपी रीत आहे. गाडी बंद करून दोन्ही तारांना मीटर लावायचा. सगळं ठीक असेल तर साठ ओहम येतात. कुठे तार तुटली असेल तर एकशेवीस. आणि दोन तारा एकमेकींना टेकल्या असतील तर शून्याच्या आसपास, आणि मीटर शिट्टी वाजवतो. मी मीटर लावला. साठ. तारा हलवल्या, ओढल्या, दारं आपटली. साठच. एमआयडीसीत सोपानरावांबरोबर दोन चकरा मारल्या. पाळी सुटली होती, मोटारसायकलींच्या झुंडी बाहेर पडत होत्या. गाडी त्यांच्यामधून लोण्यासारखी चालली. न सापडणाऱ्या दोषाइतकं वाईट काही नसतं.

संध्याकाळी स्टँडजवळच्या खानावळीत आम्ही जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, तिखट पेज) आणि कांदा. मी पहिल्याच घोटाला जीभ भाजून घेतली. सोपानराव हसले आणि मग बोलू लागले. त्यांच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती केली, त्यांनी स्टेअरिंग धरलं. गाव अंथुर्ण्याच्या पलीकडे. थोड्या वेळाने त्यांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, एक सांगू का? हसू नका. ही गाडी ठकूआक्का बसल्या की थांबती."

"कोण ठकूआक्का?"

"आमच्या अंथुर्ण्याच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोनदा गाडीत घेतल्या, दोनदा गाडी बसली. दुसऱ्या खेपेला लोकांनी त्यास्नी फाट्यावर उतरवलं, आन गाडी जी सुटली ती बारामतीला येऊनच थांबली. आता समदी म्हणत्यात, म्हातारी पांढऱ्या पायाची. त्या बी तसंच म्हणत्यात सोताला. दार लावून बसल्यात." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "डॉक्टर म्हणत्यात, मोतीबिंदू पार पिकलाय. आणखी थांबलं तर डोळा जाईल. तुमी बाईमाणूस, तुमचं त्या ऐकतील, म्हणून फाटकाशी बरं झालं म्हणालो."

मी हसले नाही. मी विचारलं, "त्या नसताना गाडी कधीच थांबली नाही?"

"न्हाय." मग ते आठवत म्हणाले, "म्हंजी एकदा थांबली. पण तवा गाडीत माणूसच नव्हतं. सलाईनची खोकी हुती नुसती."

"कुठे ठेवली होती?"

"मागच्या बाकाच्या टोकाला. दाराजवळ."

"आणि ठकूआक्का कुठे बसायच्या?"

सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. "गुडघे धरत्यात त्यांचे. दाराजवळच बसायच्या की. त्याच टोकाला."

पुण्यात आम्ही ती गाडी रिकामीच चालवली होती. आज एमआयडीसीतही पुढे आम्ही दोघं, मागे कोणी नाही. मला त्या माडग्याची चव पुढे लागलीच नाही.

सकाळी नरसिंहपूरला जायचं ठरलेलं होतंच. डॉक्टर पुढे बसले, मी मागे. भवानीनगर, जंक्शन, लासुर्णे असं करत आम्ही अंथुर्ण्याच्या फाट्यावर (मुख्य रस्त्यावरून गावात वळायच्या जागेवर) आलो आणि मी गाडी गावात घ्यायला सांगितली. ठकूआक्कांचं घर पाण्याच्या टाकीजवळ होतं. गाडी थांबताच माणसं जमली. सगळ्यांच्या पुढे पांढरा फेटा आणि भरदार अंगाचे एक गृहस्थ. सोपानराव हळूच म्हणाले, "हे पोपटतात्या. उसाचे मोठे बागायतदार. त्या दिवशी आक्कास्नी उतरा म्हणनारे हेच."

ठकूआक्का ओट्यावर बसल्या होत्या. सत्तरीच्या, रुंद हाडाच्या, कपाळ रिकामं, अंगावर घोंगडं. त्यांची नजर माझ्या आवाजाच्या जरा डाव्या बाजूला लागली होती. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांच्या सुनेने, शालनने, चहा आणला.

"गाडी तपासायला आलीयस तर तपास की," आक्का म्हणाल्या. "माझ्या दारात कशाला आणलीस? मी हात लावणार न्हाय तिला."

"तुम्ही बसता तिथेच काहीतरी दडलंय, आक्का. तुमच्याशिवाय मला ते सापडणार नाही."

"दडलंय ते माझ्या कपाळात हाय, पोरी. नवरा गेला, मेंढरं गेली, आता लोकांच्या गाड्या बी बंद पाडाय लागले. तू जा."

शालन त्यांच्याजवळ बसली. "आत्या, एवढ्या लांबनं आलीया ती. गाडी बंद हाय. नुसतं बसायचंय. गाडी कुटं जायची न्हाय, तर थांबंल कशी?"

आक्कांनी अंगावरचं घोंगडं सावरलं. मग त्या उठल्या.

मी पुढे तारांना मीटर जोडून सोपानरावांच्या हातात दिला आणि सांगितलं, आकडा मोठ्याने वाचा. "साठ," ते म्हणाले. आक्का मागच्या दाराला धरून वर चढल्या, हाताने चाचपत दाराजवळच्या टोकाला आल्या आणि टेकल्या.

मीटरने शिट्टी वाजवली.

बारीक, सलग, कानात घुसणारी शिट्टी. अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. "शून्य," सोपानराव पुढून म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

पोपटतात्या म्हणाले, "बघा. आमी काय खोटं बोलत हुतो?"

आक्का उठल्या. उठल्याबरोबर शिट्टी थांबली. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पायाने पायरी शोधू लागल्या. मी दोष सापडल्याच्या आनंदात होते, आणि त्या बाईला सगळ्या गावासमोर मी काय करून बसले हे मला तेव्हा कळलं. मी त्यांचा दंड धरला. "आक्का, उतरू नका. अर्धंच झालंय." मग मी तात्यांकडे वळले. "तात्या, आता तुम्ही या."

"मी? मी कशाला?"

"इथे बसा."

तात्या जागचे हलले नाहीत. एवढा दांडगा माणूस, पण त्या बाकाकडे तो विंचवाकडे पाहावं तसं पाहत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा की तात्या. तुमचं पाय तर काळं हायत." हशा झाला. तात्यांचा चेहरा लाल झाला. फेटा सावरत ते वर चढले आणि बाकाच्या टोकाला बसले.

शिट्टी वाजली.

तात्या चटका बसल्यासारखे उठले. शिट्टी थांबली. "परत बसा," मी म्हटलं. पुन्हा शिट्टी. "आता आत सरका." ते हातभर आत सरकले. मीटर गप्प. "साठ!" सोपानराव ओरडले. त्यांना पुढून काही दिसत नव्हतं, पण आकडा कळत होता. मग मी स्वतः टोकाला बसले. माझ्या वजनाने काहीच झालं नाही.

"ह्ये वजनाचं हाय," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "माणसाचं न्हाय."

आक्का दाराच्या कडेला धरून उभ्या होत्या. "कोण बसलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"पोपटतात्या," शालन म्हणाली.

"आन वाजलं?"

"वाजलं."

पायरी शोधणारा आक्कांचा पाय थांबला होता.

पुढचं काम सोपं होतं. मूळच्या अरुंद खुर्च्या काढून जास्त माणसं मावावीत म्हणून तिथे लांब बाक बसवून घेतलेला होता. बाक कोणी बसवला याची चौकशी मी केली नाही. बसवणाऱ्याने बाक मजबूतच बसवला होता. फक्त टोकाच्या पायाचा बोल्ट गरजेपेक्षा लांब होता. तो पत्र्यातून खाली गेला होता आणि ब्रेकच्या पेटीकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात त्याचं टोक रुतलं होतं. पीळ घातलेल्या दोन्ही तारांची साल त्याने सोलली होती. जड माणूस बसलं की पत्रा लवायचा, बोल्ट दोन्ही तारांना एकदम टेकायचा आणि तिघांचं बोलणं बंद व्हायचं. वजन उठलं की पुन्हा सुरू. मी तारा वेगळ्या करून जोडल्या, एकेकीला नवं कवच चढवलं आणि जुडगा बोल्टपासून लांब बांधला. गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडून करवत आणून सोपानरावांनी बोल्ट कापला. कापताना ते त्याला शिव्या देत होते. मग तात्यांना पुन्हा बसवलं, हिसके द्यायला लावले. मीटर साठाच्या पुढे-मागे हलला नाही.

"संध्याकाळी परत जाताना आक्कांना नेऊ," डॉक्टर म्हणाले.

"न्हाय," आक्का ओट्यावरून म्हणाल्या. "ते बोल्टाचं खरं असंल. पण वाटंत आणखी काय झालं तर पुन्हा माझंच नाव. माझं आंधळंपण बरं हाय."

आम्हाला थांबता येत नव्हतं. नरसिंहपूरला लोक खोळंबले होते.

निमगाव केतकीला पानमळे लागले. उंच, दाट सावलीत चढलेले नागवेलीचे वेल, आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या पाटांचा गार वास. इंदापूरच्या बाजारात आम्ही भजी घेतली, आणि बावड्यापुढे एका खड्ड्यात डॉक्टरांच्या शर्टावर चटणी सांडली. नरसिंहपूरला भीमा आणि नीरा एकमेकींना मिळतात. घाटावरून पाहिलं तर एकीचं पाणी गढूळ होतं, एकीचं निवळ, आणि काही अंतर ती शेजारी शेजारी तशीच वाहत होती. देवळाच्या पायऱ्या चढून मी नरसिंहाचं दर्शन घेतलं. खाली डॉक्टर धर्मशाळेत एकेकाच्या डोळ्यात बॅटरी टाकत होते. दुपार कलली तेव्हा, सोपानरावांकडून बोल्टाची गोष्ट ऐकून, रुग्ण बाकावर बसले आणि आम्ही परत निघालो. टोकाची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. का, ते मला सांगता आलं नसतं.

अंथुर्ण्याच्या फाट्यावर पोपटतात्या उभे होते. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी. त्यांच्या शेजारी शालनचा हात धरून ठकूआक्का.

"मी बी येतो बारामतीला," तात्या डॉक्टरांना म्हणाले. "मला काय झालेलं न्हाय. पण आक्का आन मी दोघं त्या टोकाला बसतो. थांबली तर माझ्यामुळं थांबली म्हणा." मग आक्कांकडे न बघता म्हणाले, "चला आक्का. चढा. मी हाय."

एवढंच. माफी मागायचा त्यांचा तोच प्रकार असावा. आक्कांनी तो समजून घेतला की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण त्या चढल्या.

त्या दोघांच्या वजनाने बाक चांगलाच करकरला. शालन आक्कांच्या दुसऱ्या बाजूला बसली. मी पुढच्या खुर्चीवरून एक डोळा डॅशबोर्डवर आणि एक कान मागे ठेवून बसले. लासुर्ण्याजवळ रस्ता उखडलेला होता. प्रत्येक धक्क्याला आक्का विचारायच्या, "थांबली का?"

"न्हाय, आत्या."

पुन्हा धक्का. "थांबली का?"

"न्हाय, आक्का. पळतीया," तात्या म्हणाले.

जंक्शन मागे पडल्यावर त्यांनी विचारायचं सोडलं. भवानीनगरला मी वळून पाहिलं, तर आक्का झोपल्या होत्या. मान तात्यांच्या खांद्यावर आली होती. तात्या फेटा काढून मांडीवर घेऊन ताठ बसले होते, अजिबात न हलता. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मालकांना मी एसटीडी बूथवरून फोन केला. ते म्हणाले, आणखी दोन दिवस भरल्या गाडीत फिरून बघ. त्यामुळे पट्टी उघडायच्या सकाळी मी तिथेच होते. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला. आक्कांनी आधी शालनकडे पाहिलं. बराच वेळ. तिच्या गालाला हात लावला. "वाळलीस गं," म्हणाल्या. मग त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं, "ती गाडीवाली पोरगी कुठं हाय?"

"मी इथेच, आक्का."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "एवढीशी हायस व्हय!" त्या म्हणाल्या. "ते लोखंडाचं बाक तुला बघून लाजलं असंल, म्हणून वाजलं न्हाय."

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. मोरगावच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. एसटी थांबून राहिली, आणि कोणी घाई केली नाही. मी त्या दोषाचा अहवाल मनात लिहीत होते. बोल्ट लांब, तारांची साल गेलेली, दुरुस्त केलं. एवढ्यात तो संपत होता. त्या अहवालात ठकूआक्का कुठेच बसत नव्हत्या. पण त्यांच्यावाचून तो बोल्ट मला कधीच सापडला नसता, आणि त्या दार लावून तशाच आंधळ्या झाल्या असत्या.

पुण्याला आल्यापासून मी एक गोष्ट बदलली. बिघडलेली गाडी घेऊन कोणी आलं की बॉनेट उघडण्याआधी विचारते, "गाडीत कोण कोण होतं? कुठे बसलं होतं?" लोक आधी चमकतात. मग आठवून आठवून, एकेक माणूस सांगू लागतात.